तुम्हाला माहीत होतं, वहिनी

वहिनी, नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर बोलावलं तेव्हा मला वाटलं, औषधाची चिठ्ठी देत असतील. त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या वहिनींनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

मी म्हणाले, "कशाचं?"

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा."

मी बसले नाही, उभ्यानंच ऐकलं. त्या म्हणाल्या, "यांच्या रक्तात एचआयव्ही आहे. एड्स म्हणतात ना, त्याचे जंतू. यांना ठाऊक होऊन पाच वर्षं झाली. तपासणी मीच केली होती." मी त्यांना काय म्हणाले असेन? म्हणाले, "बाई, तुमी दुसऱ्या कोणाचा कागद तर पाहून नाई राह्यल्या?" त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर धरला. वर तुमचं नाव होतं. खाली तुमची सही होती, जुनी सही, ठाम, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. ती सही बघून माझा विश्वास बसला. गेली दोन वर्षं तुम्हाला तशी सही करता येत नव्हती.

आज तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. जलदानविधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी ऑफिसात रुजूही झाले. पण मी अजून त्या दाराशीच उभी आहे. सत्तावन्न वर्षांची बाई. बेल्याच्या मराठी शाळेत तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेली, अंबाडा घालणारी, विहारात पहिल्या रांगेत बसणारी माझी वहिनी. तुम्ही आणि तो रोग एका वाक्यात मला बसवताच येत नाही. टीव्हीवर त्या रोगाची जाहिरात लागली की मी लाजून चहा टाकायला उठायचे. तुम्ही बसून शेवटपर्यंत बघायच्या. मला वाटायचं, वहिनीचं लक्ष नाही, डोळे नुसते तिकडे लागलेत.

मी तुम्हाला विसरभोळी म्हटलं. आळशी म्हटलं. एकदा, आता लिहितानाही हात थांबतो, नाटकी म्हटलं.

एकोणीस वर्षांची असताना मी सासरहून परत आले ती एका पिशवीसह. आई रडत बसली. तुम्ही शाळेतून आल्या, पायरीवर मला बघितलं आणि म्हणाल्या, "आली? बरं झालं. हातपाय धू अन् पाटी घे." बस, एवढंच. काऊन आली, काय झालं, कोणी मारलं, एक शब्द नाही. रोज शाळा सुटल्यावर तुम्ही मला दहावीचं गणित शिकवलं, मग इंग्रजी, मग तेलुगू. तेलुगू आल्याशिवाय या आदिलाबाद जिल्ह्यात नोकरी नाही, असं तुम्ही म्हणायच्या, आणि तुम्ही स्वतः नोकरी लागल्यावर ती भाषा शिकून परीक्षा पास झालेल्या. "तेलुगूत पेरू म्हणजे नाव, रंजू. अमरूद नोहे." या एका शब्दावर आपण दोघी किती हसलो होतो. आज मी मंडल ऑफिसात टायपिस्ट आहे, पहाण्यांच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यांच्या, नकला तेलुगूत टाइप करते, ती बोटं तुमची आहेत.

आणि किती भराभर बोलायच्या तुम्ही! समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं तुम्हीच पुरं करायच्या. दादा चिडायचा, "मास्तरीण, मले बी बोलू दे ना." तुम्ही म्हणायच्या, "तुमी बोलेपर्यंत कापूस वेचून होते." तुमच्या वर्गातला कोणता पोरगा कोणत्या दिवशी का आला नाही, हे तुम्हाला हजेरीपट न उघडता ठाऊक असायचं.

दादाचा अपघात झाला तो नव्वद साल उजाडायच्या आत. कापसाच्या खरेदी केंद्रावरून मोटारसायकलनं येत होता, पुलाजवळ बैलगाडीला चुकवताना पडला. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. रस्त्यात जो पहिला दवाखाना मिळाला त्यात त्याला टाकलं. तिथं त्याला रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. कंपाउंडर कुठून तरी घेऊन आला होता. आपल्याला कुठं विचारायचं सुचत होतं? दादा वाचला. मी बेल्याला परत आले आणि विहारात जाऊन मेणबत्ती लावली, ज्या कोणी अनोळखी माणसानं ते रक्त दिलं त्याचं भलं होवो म्हणून. तुम्ही माझ्या बाजूला हात जोडून उभ्या होत्या.

वहिनी, ती मेणबत्ती मला आता रोज आठवते. त्या माणसाचा मला राग येत नाही. त्यालाही कुठं माहीत असेल.

चार-पाच वर्षांनी दादा सुकत गेला. ताप, जुलाब, खोकला. तुम्ही त्याला नागपूरला नेलं, परत आणलं, आणि सगळ्यांना सांगितलं, टीबी आहे. त्याचं सगळं तुम्ही एकट्यानं केलं. मी त्याच्या पाठीच्या जखमा पुसायला गेले तर तुम्ही माझ्या हातातून कापूस काढून घेतला. "तू चहा कर. हे मी करतो." रक्त लागलेल्या चादरी तुम्ही मला उचलू दिल्या नाहीत. माझा सख्खा भाऊ, आणि मी दारात उभी. तो गेला तेव्हाही मी स्वयंपाकघरात होते, कारण तुम्ही मला पेज करायला पाठवलं होतं. हे मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. बोलले नाही, पण ठेवून दिलं मनात.

आई त्याआधीच गेली होती; दादा गेल्यावर आपण दोघीच उरलो. पहिली दोन वर्षं तुम्ही तशाच होत्या. मग हळूहळू काहीतरी बदललं. तुमच्या हातातून भांडी पडायला लागली. लुगड्याच्या निऱ्या घालायला तुम्हाला अर्धा तास लागायचा. चालताना पाय जरा फाकवून टाकायच्या, ओल्या फरशीवरून चालल्यासारख्या. परातीत पीठ घेऊन बसायच्या आणि पुढं काय करायचं ते आठवत असायच्या. रोज सकाळी आपली पत्र्याची पेटी उघडून तिच्यासमोर बसून राहायच्या. मला वाटायचं, काय काढायला उघडली तेच विसरल्या.

मी विचारलं, "वहिनी, काऊन असं होऊन राह्यलं तुमाले?"

मी वळून जायला लागले तेव्हा म्हणालात, "येते मले सगळं, रंजू. आत हायच. यायले टाइम लागते."

मी ते म्हातारपण समजले. सत्तावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण दादा गेल्याचं दुःख आहे, वय आहे, असं मी लोकांना सांगायचे. लोकही मान डोलवायचे. बाईमाणसाचं डोकं मंद झालं की त्याचं कारण कोणी शोधत नाही, वहिनी. मीही शोधलं नाही.

मागच्या वर्षी शाळेत तपासणीचे साहेब आले होते. ही हकीकत मला हेडमास्तरांनी ऑफिसात येऊन हसत हसत सांगितली. साहेब तुमच्या वर्गात आले आणि तेलुगूत विचारलं, "एंतमंदि पिल्ललु उन्नारु?" पोरं किती, एवढंच. तुम्ही हजेरीपट हातात धरून उभ्या. पोरं तुमच्याकडे बघत. साहेबांनी परत विचारलं. तुम्ही ओठ हलवले, आवाज नाही. साहेब मान हलवत पुढच्या वर्गाकडे निघाले. ते व्हरांड्यात पोचल्यावर तुम्ही रिकाम्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणालात, "मुप्पै रेंडु." बत्तीस. बरोबर होतं. त्या दिवशी पोरं बत्तीसच होती.

हेडमास्तर म्हणाले, "साहेब गेल्यावर उत्तर! आम्ही हसावं की रडावं?" आणि मी, वहिनी, मीही त्यांच्यासोबत थोडी हसले. आपल्या माणसाची लाज वाटली की माणूस असंच हसतो. घरी येऊन मी तुम्हाला म्हणाले, "जरा लक्ष देत जा ना. लोक नाटकी म्हणतेत." लोक म्हणत नव्हते. मी म्हणत होते.

आणि मग तो भोपळ्याचा दिवस.

रविवार होता, सकाळची वेळ. तुम्ही विळीवर लाल भोपळा चिरत होत्या. त्याआधी कितीतरी दिवस मी बघत होते की तुम्ही तुमचा कंगवा वेगळा ठेवता, सुई वेगळी ठेवता, नखं काढायची ब्लेड कागदात गुंडाळून आपल्या पेटीत टाकता. मी एकदा तुमची सुई घेतली तर तुम्ही हिसकावून घेतली होती. हे सगळं मी मोजत होते. जेवायला मात्र आपण एकाच ताटात बसायचो, तुमच्या उष्ट्या भाकरीचा तुकडा मी खायचे, तुम्ही कधी नाही म्हटलं नाही. हे मी मोजलं नाही.

विळी सटकली आणि तुमचा अंगठा खोल कापला. रक्ताची धार लागली. तुम्ही नुसत्या बघत होत्या, काय करायचं ते सुचत नव्हतं. मी धावले, पदरानं अंगठा दाबायला गेले. तेव्हा तुम्ही मला असा धक्का दिला की मी चुलीजवळच्या पाटावर जाऊन आदळले.

"हात लावू नको! दूर हो!"

एवढं भराभर तुम्ही दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या. मग तुम्ही स्वतःच अंगठ्याला फडकं गुंडाळलं, शाळेच्या विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर आणली आणि गुडघ्यावर बसून जमीन पुसायला लागल्या. माझं कोपर सोललं होतं. तुम्ही तिकडे बघितलंही नाही.

माझ्या आतलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी ओरडले, "काऊन वो? मी का अशी घाण हाओ? ज्या शिवाशिवीपायी आपल्या लोकायनं धर्म सोडला, थे तुमी घरात आणून राह्यल्या? माह्या दादाले बी तुमी असंच केलं. मले त्याच्या जवळ जाऊ देलं नाई. एकटं मारलं तुमी त्याले!"

शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. तुम्ही फडकं हातात धरून वर बघितलं. "रंजू," तुम्ही म्हणालात. "थांब. थे नाई... थे..."

तोंड उघडं होतं तुमचं. शब्द येत होते, मला आज वाटतं ते येतच होते, आतून निघाले होते. मी पर्स उचलली आणि बसस्टँडवर गेले. आदिलाबादला मैत्रिणीच्या खोलीवर अकरा दिवस राहिले. तिथूनच ऑफिसला ये-जा केली.

परत आले तर तुम्ही चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या कोपराकडे बघितलं. जखमेवर खपली धरली होती. तुम्ही किती वेळ ती खपली बघत होत्या! मला वाटलं, वहिनीला पश्चात्ताप झाला. तुम्ही काय बघत होत्या ते मला आता कळतं. त्या सोललेल्या जागी तुमच्या रक्ताचा थेंब तर लागला नाही ना, हे तुम्ही आठवून बघत होत्या. आणि तुमच्या आठवणीवर तुमचाच भरवसा उरला नव्हता. ते अकरा दिवस तुम्ही त्या घरात एकट्यानं कसे काढले असतील, वहिनी?

त्यानंतर तो विषय आपण काढला नाही.

चार महिन्यांनी तुमचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, एका सकाळी तुम्ही मला ओळखलं नाही. दादाच्या वेळचा एक पत्ता तुमच्या डायरीत होता, म्हणून मी तुम्हाला नागपूरला त्याच डॉक्टरीण बाईंकडे नेलं. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. आणि तिथं मी त्या दाराशी उभी राहिले.

त्यांनी मला सगळं सांगितलं. दादाला बहुतेक त्या रक्तातूनच आलं असावं, त्याच्याकडून तुम्हाला. दादाचा आजार कळला त्याच दिवशी तुमचीही तपासणी झाली. या रोगाला बरं करणारं औषध नाही; इतर आजार लांब ठेवायला आठवड्याची एक गोळी तेवढी त्यांनी दिली होती. मी विचारलं, "मग यायचं डोकं? विसरणं? थे कशानं?"

त्या म्हणाल्या, "हा रोग मेंदूतही जातो. म्हातारपणी होतो तसा विसर नव्हे हा. सगळं मंद होतं. विचार, बोलणं, हात, पाय. माणसाला उत्तर ठाऊक असतं, पण ते बाहेर यायला वेळ लागतो. वय जास्त असलं की लोक वयावर ढकलतात. आमच्यातलेही पुष्कळ जण ढकलतात."

यायले टाइम लागते. तुम्ही मला डॉक्टरीण बाईंच्या आधी सांगितलं होतं. याहून सोप्या शब्दांत कोणी सांगू शकलं नसतं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या जखमा वगैरे धुतल्यात का? यांचं रक्त तुमच्या अंगाला लागलं?"

मी म्हणाले, "त्यायनं कधी लागूच देलं नाई."

त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी मी यांना एवढंच सांगितलं होतं. सोबत जेवा, शेजारी बसा, काही होत नाही. फक्त रक्ताला जपा. तेव्हा यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. घरात नणंद आहे, तिला कसं जपू?"

दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होत्या. मी तुमचे पाय चेपले, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. माझीही तपासणी झाली. काही नाही निघालं. तो कागद मी तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. सातव्या दिवशी दुपारी तुम्हाला जरा शुद्ध आली. मी तुमच्या तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, "वहिनी, मले समजलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. नर्स आली, सलाईन बदलून गेली. समोरच्या खाटेवरच्या बाईचं जेवण आलं, ती जेवली. तुमचे ओठ हलत होते, थांबत होते. शेवटी तुम्ही एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणालात, "तुह्या दादाले... टीबी होता."

मी म्हणाले, "हो वहिनी. टीबीच होता."

तुम्ही डोळे मिटले. नंतर तुम्ही माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाच वर्षं तुम्ही माझ्याकडून दोष ऐकत राहिलात ते माझ्या भावासाठी. लोक काय म्हणतील, कुठून आणलं म्हणतील, रक्ताच्या बाटलीवर कोण विश्वास ठेवेल. माझ्या मनात दादा जसा होता तसाच राहावा म्हणून. मला तुमचा राग येतो, वहिनी. खरंच येतो. मला सांगितलं असतं तर काय मी पळून गेले असते? हा प्रश्न मी रोज विचारते आणि मग मला ते अकरा दिवस आठवतात. अंगठा कापल्यावर पळून गेलेली बाई ते नाव ऐकून थांबली असती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जलदानविधीच्या सकाळी तुमची पांढरी साडी काढायला मी तुमची पेटी उघडली. वीस वर्षं ती पेटी त्या कोपऱ्यात आहे, मी कधी हात लावला नव्हता. झाकण मागे टेकवलं आणि आतून त्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं. तुमचं फळ्यावरचं अक्षर, पण ओळी खाली घसरत गेलेल्या.

स्टो बंद.
चष्मा.
मंगळवारी आठवड्याची गोळी.
ब्लेड, सुई, कंगवा वेगळं.
रक्त आलं तर रंजूला लांब.

शेवटची ओळ इतक्या वेळा गिरवलेली होती की खडूचा थर जाड झाला होता. बोट लावलं तर पांढरं बोटाला आलं. म्हणजे रोज सकाळी पेटीसमोर बसून तुम्ही हे वाचत होत्या. वाचून पाठ करत होत्या. सगळं हातातून सुटत होतं, तेलुगू गेली, निऱ्या गेल्या, पोरांची नावं गेली, आणि उरलेली सगळी ताकद तुम्ही या एका ओळीवर लावली. भोपळ्याच्या दिवशी तुम्हाला बाकी काही सुचलं नाही. हे मात्र बरोबर, वेळेवर सुचलं.

बाहेर भंतेजी आले होते, लोक बसले होते. मला कोणीतरी हाका मारत होतं. मी पेटीसमोर मांडी घालून बसले होते आणि मला उठताच येईना.

विधी झाल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ येऊन बसले. हातात चहा होता. म्हणाले, "बाई हुशार होत्या, पण शेवटी शेवटी डोक्यानं काम सोडलं होतं. आम्ही सांभाळून घेतलं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "सर, डोक्यानं काम सोडलं नव्हतं. आजार होता. त्या आजारात डोकं मंद होते, जात नाई."

"कोणता आजार?"

माझ्या मनात होतं, सांगू नये. तुम्ही पाच वर्षं झाकलं ते मी पाच मिनिटांत उघडं करायचं? पण तुम्हाला मंद म्हणून, वेडी म्हणून मातीत घालून ते सगळे चहा पीत होते. मी नाव घेतलं. दादाच्या अपघाताचं, त्या बाटल्यांचं, सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. अख्खा मांडव ऐकत होता.

हेडमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मग एकेक जण कप खाली ठेवत गेला. कोणी काही वाईट बोललं नाही, वहिनी. फक्त पटापट उठले. दुसऱ्या दिवशी नळावर माझी कळशी लागली तर बायांनी आपल्या घागरी मागे ओढून घेतल्या. ऑफिसात शिपायानं माझा पेला वेगळ्या खिडकीत ठेवला. शिवाशिव हा शब्द मी एका रविवारी तुमच्या तोंडावर फेकला होता. खरी शिवाशिव कशी असते ते मला आता रोज दिसतं.

मी केलं ते बरोबर की चूक, मला कळत नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल का? दादाचं नाव मी मांडवात घेतलं. शेवटच्या दुपारी तुम्ही माझ्याकडून टीबी कबूल करून घेतला होता आणि मी तो शब्द पाळला नाही.

काल भर दुपारी दाराची कडी वाजली. इतक्या दिवसांत कोणी आलं नव्हतं. गावातल्याच एका शेतकरी घरातली बाई होती. तुम्ही तिला ओळखता, तिची पोरं तुमच्या हाताखाली शिकली. आजवर ती आपल्या गल्लीत कधी पाय टाकत नव्हती. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला. आत आली आणि स्वतःच दार लावून घेतलं. मी पाट दिला, ती बसली नाही.

"तुमी त्या दिवशी नाव घेतलं ना," ती म्हणाली, "त्याची तपासणी कुठं करतेत?"

मी म्हणाले, "काऊन?"

"आमच्या मालकाले दोन वर्षं झाले ताप जात नाई. वजन पार उतरलं. अन् आता..." तिनं पदर आणखी पुढं ओढला. "आता बोलता बोलता गोष्ट मधातच सुटते त्यायची. सासू म्हणते, वय झालं. साठी झाली. पण मले असं नाई वाटत. मास्तरीण बाई बी तशाच करत होत्या ना?"

मी तिला डॉक्टरीण बाईंचा पत्ता लिहून दिला. मग म्हणाले, "एकट्या जाऊ नका. शनिवारी मी सुट्टी टाकतो. तिघंबी सकाळच्या गाडीनं जाऊ. तुमची बी तपासणी करून घ्या." तिनं कागदाची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली. माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"कोणाले सांगसान नाई ना?"

म्हणून तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, गल्लीही लिहिलेली नाही, आणि तिच्या पोरांची नावं तुम्ही विचारली असती तरी सांगितली नसती.

"नाई सांगत," मी म्हणाले.

ती गेली. मी दार लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. एवढे दोनच शब्द बोलले होते, वहिनी; तुम्ही ते दादासाठी पाच वर्षं पाळले होते.